सहा घरांची व्हॅनिला घेऊन आंबोली आणि आरोंदा

तिसऱ्यांदा पेटी घासायला घेतली तेव्हा ऊन पडवीच्या पायरीवर आलं होतं. त्याआधी घरापुढचं खळं झाडून झालं होतं, गाईखालचं शेण काढून झालं होतं, चहा झाला होता, माडांना पाणी सोडून झालं होतं. पेटी पहिल्या दिवशी राखेने घासली, दुसऱ्या दिवशी चिंचेच्या कोळाने. आज रिठ्याचं पाणी. शेजारची जयवंती कुंपणापलीकडून म्हणाली, "इतक्या घासू नको गो, पेटयेक परत फणस लागतले."

पेटी फणसाच्या लाकडाची, सासूबाईंच्या वेळची. कमरेइतकी उंच, झाकणाला पितळी कडी. पावसाळ्यात चार महिने होड्या दर्यात जात नाहीत, म्हणून आमच्याकडे मे महिन्यातच सुकी मासळी भरून ठेवतात. सुके बांगडे, बोंबील, सुंगटं, जवळा. त्यासाठीची ही पेटी. हे होते तोवर ती काठोकाठ भरायची, कारण ह्यांना पेजेबरोबर सुकं लागायचंच. हे गेल्यावर पहिल्या वर्षी मी सवयीने भरली आणि दिवाळीनंतर अर्धी उकिरड्यावर टाकली. पुढच्या वर्षीपासून एका डब्यात मावेल एवढंच आणते. पेटी रिकामी पडली होती. म्हणून ती व्हॅनिलाला दिली.

प्रवासाचं लिहायला बसले आणि पेटीचं सांगत बसले, असं वाटेल. पण माझा आंबोली-आरोंद्याचा प्रवास त्या पेटीपासूनच सुरू होतो. ज्यांना फक्त गाड्या, तिकिटं आणि जेवणाची ठिकाणं हवी आहेत त्यांना तीही पुढे मिळतील.

आमचं गाव मालवणहून आचऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. चार वर्षांपूर्वी ग्रामपंचायतीशेजारच्या खोलीत एका संस्थेने संगणक आणला, छपरावर डिशची छत्री बसवली आणि दर गुरुवारी अकरा वाजता लहान शेतकऱ्यांसाठी ऑनलाइन वर्ग सुरू केला. नारळ-सुपारीवर अवलंबून राहू नका, जास्त दराची वेगळी पिकं घ्या, असं त्यात शिकवायचे. शिकवणारे सर कुठेतरी दक्षिणेत बसलेले असायचे आणि हिंदी बोलायचे. मी चौथी शिकलेली. पण हे दर शनिवारी मालवणच्या वाचनालयातून मराठी-हिंदी पुस्तकं आणायचे, ती वाचता वाचता मराठी पक्की झाली आणि हिंदीही समजू लागली. त्यामुळे सर बोलायचे ते मी इतरांना मालवणीत सांगायची. छापील धडे यायचे तेही मीच मोठ्याने वाचायची. लोकांना माझा आवाज ऐकायची सवय झाली. सरांचं बोलणं आणि माझं बोलणं यात कोणी फरक करेनासं झालं.

पहिलं पीक होतं व्हॅनिला. तिचे पाच वेल ह्यांनी आमच्या बागेत गिरीपुष्पाच्या झाडांवर आधीच चढवलेले होते. तेव्हा सगळीकडे तिच्याच दराची बोलणी होती. फूल यायला तीन वर्षं लागतात. हे दुसऱ्या वर्षीच गेले. वर्ग सुरू झाला तेव्हा पाच घरांतल्या बायकांनी माझ्या वेलांचे फाटे नेले. जयवंतीने पोफळींवरच्या पानवेली काढून टाकल्या. तिची विड्याची पानं दर सोमवारी मालवणच्या बाजारात जायची, त्यावर तिचं घर चालायचं. एका झाडावर दोन वेल ठेवू नका असं सर म्हणाले होते. तिला ते मालवणीत मी सांगितलं.

व्हॅनिलाचं फूल फळवायला आपल्याकडे माशी नाही. ते काम हाताने करावं लागतं. फूल एका सकाळी उमलतं आणि दुपारच्या आत मिटतं. तेवढ्या वेळात माडाच्या हिराची बारीक काडी घेऊन फुलातला पातळ पडदा उचलायचा आणि अंगठ्याने दाबायचं. याला आम्ही फूल लावणं म्हणतो. लावायचं राहिलं तर फूल गळतं, शेंग धरत नाही. लावलं तर नऊ महिन्यांनी शेंग. मग ती गरम पाण्यातून काढायची, उन्हात ठेवायची, घोंगडीत गुंडाळायची, महिनाभर सावलीत सुकवायची आणि शेवटी लाकडाच्या पेटीत मुरवायची, तेव्हा कुठे तिला वास येतो. हिरव्या शेंगेला काही वास नसतो.

लाकडाची मोठी पेटी माझ्याकडेच होती. म्हणून सहा घरांच्या शेंगा माझ्याकडे आल्या. जयवंतीला तिच्या शेंगा आपल्या ॲल्युमिनियमच्या नव्या ट्रंकेत ठेवायच्या होत्या. मी म्हटलं, धड्यात लाकूड लिहिलंय.

धड्यात आणखी एक ओळ होती. शेंगा उग्र वासापासून दूर ठेवाव्यात. ती मी दोनदा वाचून दाखवली. मग आम्ही सगळ्यांनी मिळून रॉकेलचा डबा मागीलदारी नेला, फिनेलची बाटली नेली, हिंगाची डबी शेजारी दिली आणि गोठ्याकडची खिडकी लावून घेतली.

वर्ग जानेवारीत संपला. माल कोण घेणार, असं शेवटच्या दिवशी विचारलं तर सरांनी एक नंबर दिला. तो लागत नाही. पण वर्गात आंबोलीच्या एका शेतकऱ्याची बाग नेहमी दाखवायचे. सगळे त्यांना दाजी म्हणतात. त्यांनी माल विकला असं सर सांगायचे. मार्च लागला तसे वेलांवर पुन्हा कळे धरले. बायका माझ्या खळ्यात जमल्या. जयवंती म्हणाली, "फुला उमलाच्या आदी काय ता सांग. लावची असली तर लावू, नायतर वेल काडून परत पानवेल घालतंय. अर्धा अर्धा माका नको." बरोबर होतं तिचं. मी म्हटलं, मी जाऊन येते.

मंगळवारी सकाळी निघाले. ह्यांच्या जुन्या धोतरात शेंगा बांधल्या. आत सहा पुडकी, बटर पेपरात, प्रत्येक घराच्या वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने बांधलेली. जयवंतीचा दोरा लाल. वरून पिशवी. लग्नानंतर मी एकटीने केलेला हा पहिला मोठा प्रवास. ह्यांच्याबरोबर एकदा आंबोलीला गेले होते, तेव्हा धुक्यात काहीच दिसलं नव्हतं आणि आम्ही दोन चहा पिऊन परत आलो होतो.

मालवण स्टँडवरून सावंतवाडीची साधी गाडी कुडाळमार्गे जाते. दोन तास लागतात, तिकीट चाळीसच्या आत. उजवीकडची खिडकी धरा, कारण कुडाळनंतर ऊन डावीकडून येतं. माझ्या मागच्या बाकावर मालवण बघून परतणारं एक जोडपं होतं. पुढच्या बाकावर एक मासळी विकणारी मावशी, मांडीवर टोपली, लेकीकडे कुडाळला चाललेली. चौके गाव सोडलं तशी मागची बाई नवऱ्याला म्हणाली, "अहो, काच उघडा ना. केवढा वास येतोय मासळीचा."

नवऱ्याने पुढच्या टोपलीकडे बघितलं. मावशीने ते बघितलं.

"माझ्या टोपलेत नारळ आसत," ती वळून म्हणाली. "नातवाक नेतंय. बगूचे आसत? मासो आज मी हातात धरूक नाय."

"तसं नाही हो, मावशी."

"मालवणाक चार दिस रवलास, सुरमय खाल्लास, तेव्हा वास इलो नाय. आता जाताना येता?"

गाडी हसली. कंडक्टर तिकिटं फाडत म्हणाला, "वासाचा वेगळा तिकीट नाय. गप बसा सगळ्यांनी."

मीही हसले. ती बाई कुडाळपर्यंत रुमाल नाकाला लावून होती. मला वाटलं, मावशी नारळ म्हणते खरी, पण टोपलीला वास असणारच. माझी पिशवी माझ्या मांडीवर होती.

सावंतवाडी स्टँडसमोर उसळ-पाव चांगला मिळतो, वर तिखट तर्री आणि हवा तेवढा कांदा. बारा रुपयांत पोट भरतं. तिथून आंबोलीची गाडी तासाभराची, वीसएक रुपये. घाटात ज्यांना गाडी लागते त्यांनी उसळ परतताना खावी.

आंबोलीबद्दल एक स्पष्ट सांगते. मार्चात तिथे धबधबे नसतात. घाटात काळे कोरडे कातळ दिसतात, आणि पाणी कुठून पडतं ते कंडक्टर हात करून दाखवतो. पावसाळ्यात येणाऱ्यांनी इतक्या बाटल्या टाकून ठेवल्यात की त्यांचा माग काढत धबधब्याची जागा सापडेल. टपऱ्यांवर चहा मिळाला, भजी दुपारनंतर मिळाली. संध्याकाळी गारवा असतो, शाल न्या.

दाजींचं घर चौकुळच्या बाजूला, स्टँडपासून पाऊण तास चालत. रस्ता विचारावा लागला नाही इतके ते ओळखीचे. साठीचा माणूस, गळ्याला मफलर. वर्गात पडद्यावर दिसायचे तसेच, फक्त पडद्यावर हसायचे. मी कोण, कुठून आले ते सांगितलं आणि म्हटलं, आधी बाग दाखवा.

"ही काय," ते म्हणाले.

समोर ऊस होता.

"व्हॅनिला?"

"ती तीन वर्सामागची गोष्ट. ते लोक फोटू काढूक इले तेव्हा वेलार पयलोच बार, पाना अशी तुळतुळीत. पुढच्या पावसात मुळा कुसली. सगळा काडून टाकलंय."

"पण ते अजून दाखवतात."

"माझो फोटू? अजून?"

"जानेवारीत शेवटच्या वर्गातसुद्धा दाखवला."

ते पडद्यावरच्यासारखे हसले. त्यांची बायको दारातून म्हणाली, "तेंका सांग गो, पगार तरी धाडा म्हणान. माझो घोव नट झालो आणि घरात कोणाक ठावक नाय."

मी विचारलं, सरांना कळवलं नाही का? दाजी म्हणाले, "कळवलंय. म्हणाले, दाजी, पाण्याचा निचरा करा. हय चार म्हयने आभाळ खाली येता. आभाळाचो निचरो खंय करू?"

मग मी पिशवी सोडली. दाजींनी एक शेंग उचलली, बोटाला गुंडाळून बघितली, मान हलवली. नाकाशी नेली. बराच वेळ तिथेच धरली. मग बायकोकडे दिली. तिने वास घेतला, नवऱ्याकडे बघितलं आणि चहा टाकते म्हणून आत गेली.

"बरी आसा?" मी विचारलं.

"वळता बरी. आरोंद्याक बाबलशेट म्हणान आसत, पयल्या वर्साचो माझो माल तेंनीच घेतलो. तेंका दाखवा. तेंचा नाक हुशार आसा."

याच्यापुढे ते शेंगांबद्दल बोलले नाहीत. उसाचं बोलले, गव्यांचे कळप ऊस तुडवतात त्याचं बोलले. मला राग आला. स्वतःची बाग गेली म्हणून दुसऱ्याच्या शेंगेला चांगलं म्हणवत नाही, असं वाटलं. रात्री त्यांच्याकडेच राहिले. नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी, लसणीची चटणी. दाजींच्या बायकोने अंथरूण घातलं, मला दोन पांघरुणं दिली आणि माझी पिशवी उचलून पडवीत ठेवायला निघाली. मी म्हटलं, ती उशाशी राहू दे. ती ठेवून गेली.

दुसऱ्या दिवशी पहाटेची गाडी पकडून खाली सावंतवाडीला आले आणि तिथून आरोंद्याची गाडी घेतली. हा रस्ता मला घाटापेक्षा आवडला. मळेवाडवरून गाडी जाते, दोन्ही बाजूला माड, काजू, मध्येच वायंगणी, म्हणजे उन्हाळी, भाताचे हिरवे तुकडे. आरोंद्याला उतरलं की समोर तेरेखोलची खाडी आणि पलीकडे गोवा. भरती असेल तर पाणी थेट रस्त्याला टेकल्यासारखं वाटतं. ह्यांना हे दाखवायला हवं होतं, असं मनात आलं. असं आता कुठेही आलं की येतं. त्याला मी थांबवत नाही आणि त्याच्याजवळ थांबतही नाही.

बाबलशेटांचं दुकान बाजारात विचारलं की कोणीही दाखवतं. कोकम, काजू, मिरी घेतात आणि गोव्यातल्या हॉटेलांना देतात. पांढरा शर्ट, जाड भिंगाचा चष्मा, सत्तरीचे असतील.

"खंयसून इलास?"

"मालवणच्या भायल्या अंगाक. आंबोलीच्या दाजींनी धाडल्यानी."

"एकट्याच?"

"एकटीच."

त्यांनी गल्ल्यावरची फळी पुसली, कागद अंथरला आणि पुडकं सोडलं. चष्मा काढून ठेवला. डोळे मिटून वास घेतला. दुसरं पुडकं सोडलं, तिसरं, सहाही. मग एक शेंग बोटाला गुंडाळली, दोन बोटांत दाबली, उजेडात धरली.

"काम बरा केलास," ते म्हणाले. "वळतत बरे, तेल सुटला हा, बुरशी खंय नाय. कोणी शिकवल्यान?"

"ऑनलाइन वर्ग होता. संगणकावर."

"बरा शिकवल्यानी."

मला बरं वाटलं. मनात मी जयवंतीच्या दारात पोचलेसुद्धा.

"वयनी," बाबलशेट म्हणाले, "घरात सुकी मासळी खंय ठेवतास?"

"डब्यात."

"आदी खंय ठेवी होतास?"

मी सुटलेला एक दोरा बोटाला गुंडाळला.

"पेटीत," मी म्हटलं.

"आणि शेंगा?"

"त्याच पेटीत. पण पेटी तीनदा धुतलेली. राखेन, चिंचेन, रिठ्यान. वास राहिला नव्हता."

"किती वर्सा होती तेच्यात मासळी?"

"सासूबाईंच्या वेळेपासून."

"म्हणजे चाळीस-पन्नास वर्सा. ती तीन दिसात खंय जातली?" त्यांनी एक शेंग माझ्याकडे धरली. "व्हॅनिला वास ओढून घेता, वयनी. मुरता तेव्हा तर जास्तच. हेचा आइस्क्रीम केल्यानी तर गिऱ्हाईक तेच्याबरोबर सोलकढी मागतला." ते हसले, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि थांबले.

मी शेंग नाकाशी नेली. मला फक्त व्हॅनिलाचाच वास आला, गोड. तसं त्यांना सांगितलं.

"येवचो नाय तुमका," ते म्हणाले. "मी मुंबैत वरीसभर खानावळीत जेवलंय, परत घरात पाय ठेवलंय तेव्हा माका कळला, आमच्या घराक वास आसा म्हणान. घरात रवान कोणाक कळना नाय."

गाडीतली बाई आठवली. मावशीचे नारळ आठवले. दाजींच्या बायकोने पिशवी पडवीत न्यायला उचलली होती ते आठवलं. उग्र वास म्हटल्यावर आम्ही सहा बायकांनी रॉकेल हलवलं, फिनेल हलवलं, हिंग शेजारी दिला. पेटीतून चाळीस वर्षं काय काढत आलो ते एकीलाही आठवलं नाही. मासळीला वास असतो हे आमच्या डोक्यातच नव्हतं. आणि पडद्यावरच्या सरांना आमच्या घरात काय असतं ते माहीत नव्हतं. पडद्यातून त्यांना आमची घरं दिसत नव्हती आणि आम्हीही कधी दाखवली नाहीत.

"सगळ्याच गेल्या?" मी विचारलं.

"सगळेच. एकाच पेटयेत होते मा?" त्यांनी लाल दोऱ्याचं पुडकं पुन्हा उघडलं. "हे कोणाचे? लांब आसत, जाड आसत. हे तरी येगळे ठेवले असते तर मी आताच घेतले असते."

मी म्हटलं, शेजारणीच्या. तिची ॲल्युमिनियमची ट्रंक होती, ते म्हटलं नाही.

पुडकी परत बांधून त्यांनी माझ्या हातात दिली. मग आवाज उतरवून म्हणाले, "वयनी, एक सांगू? घराकडे सांगा, दर पडलो. खोटा नाय ता, दर पडलोच आसा. चार वर्सामागचो दर आता खंय? माल बरो होतो पण दर नाय म्हणून परत हाडलंय, असा सांगा. कोण हय विचारूक येवचा नाय."

भला माणूस. त्यांनी ते माझ्यासाठी सांगितलं.

आरोंद्यात जेवायचं असेल तर स्टँडजवळ एक घरगुती खानावळ आहे. चाळीस रुपयांत भात, माशाची कढी, भाजलेला बांगडा आणि सोलकढी. मला भूक नव्हती पण परतीची गाडी अडीचची होती, म्हणून बसले. वाढणाऱ्या बाईने ताटाच्या कडेला किसमूर घातलं, सुकी सुंगटं भाजून, खोबरं-कांदा लावून. मी चिमूटभर खाल्लं आणि बोटं नाकाशी नेली. मला जेवणाचा वास आला. ह्यांच्या ताटाचा. दुसरा कुठलाच नाही.

"काय झाला, खराब आसा?" तिने विचारलं.

"बरा आसा," मी म्हटलं आणि सगळं संपवलं.

परतीच्या गाडीत सावंतवाडीपर्यंत आणि तिथून मालवणपर्यंत मी एकच वाक्य मनात घोळवत होते. दर पडला. ते सोपं वाक्य आहे. दर कोणी एकट्याने पाडलेला नसतो. शेजारी बसलेली बाई पदर नाकाला लावते का, ते मी दहा वेळा बघितलं. तिने लावला नाही. तीही दर्याकाठची, वेंगुर्ल्याची होती.

घरी पोचले तेव्हा दिवे लागले होते. माझ्या पायरीवर जयवंती बसलेली. गाईचं तिने केलं होतं, चूल पेटवून पाणी ठेवलं होतं. तिने पिशवीकडे बघितलं. पिशवी जाताना होती तेवढीच फुगलेली होती.

"काय गो, झाला काम?"

"सकाळी सांगतंय."

"सकाळी माझी सतरा फुला उमलतली. तुझी नऊ. मी मोजून इलंय." ती उठली, पदर झटकला. "लावची काय नाय, येवढाच सांग. बाकीचा सकाळी सांग."

"सकाळी येतंय. लवकर येतंय."

ती गेली. मी दार लावलं आणि पेटीवर बसले. बसायला घरात दुसरी जागा नव्हती असं नाही.

या प्रवासाला तीन महिने झाले. खर्च म्हणाल तर गाड्या आणि जेवण मिळून सव्वादोनशेच्या आसपास झाला. आंबोलीला जायचं तर पावसाळ्यात जा, गर्दी सोसत असेल तर. आरोंद्याची खाडी मात्र कधीही बघा. दाजींच्या बायकोने पहाटे निघताना दिलेली शाल माझ्याकडे राहिली आहे, ती पोचवायला पुन्हा जावं लागेल. तेव्हा तिला विचारीन, वास आला होता तर तोंडावर का सांगितलं नाही. ती काय म्हणेल ते मला माहीत आहे. पाहुणीला कसं सांगणार.

वर्ग पुन्हा सुरू झाला आहे. आता पीक सफेद मुसळी. तेच सर, तीच छत्री. हे लिखाण मी त्याच खोलीतल्या संगणकावर एकेक अक्षर शोधत करते. वर्गात शिकून माझ्याजवळ राहिलेली एवढी एक गोष्ट खरी. मला पुन्हा वाचून दाखवायला बोलावलं होतं. मी सांगितलं, मी वाचीन, पण प्रत्येक ओळीनंतर थांबून आमच्या घरात ती कशी लागते ते बोलू द्यायचं. सरांना वेळ पुरत नाही म्हणे. शेंगा अजून आहेत. बाबलशेटांनी फेकायला सांगितलं नव्हतं, मलाही फेकवत नाहीत. मधूनच एखादी नाकाशी नेते. अजूनही गोडच वास येतो.

हे असते तर ते काय म्हणाले असते, असा विचार घरी पोचले त्या रात्री मी केला नाही. त्यांना विचारून मी कधी खरं बोलले नव्हते आणि खोटंही नाही.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला जयवंतीकडे गेले. ती हिराची काडी हातात घेऊन वेलाखाली उभी होती. मी तिला पुडकं दिलं आणि पेटीत आधी काय असायचं ते सांगितलं, बाबलशेट काय म्हणाले ते सांगितलं, ट्रंकेचंही सांगितलं. दर पडला हे शेवटी सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "बरे म्हणाले ते लाल दोऱ्याचेच मा?" मी हो म्हटलं. तिने काडी कुंपणात खोचली आणि विळा आणायला आत गेली.

तिथून मी उरलेली चार घरं केली. प्रत्येक घरी बसले, पुडकं दिलं आणि तेच सगळं पुन्हा सांगितलं. परत आले तेव्हा बारा वाजून गेले होते. माझ्या वेलावरची नऊही फुलं मिटली होती.